चर्चला कुलूप लावा, पण रजिस्टर आणि दफनभूमी कुणाच्या ताब्यात देणार ते आधी सांगा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात तुमच्या जिल्ह्याच्या पानावर वाळवा तालुक्यातल्या एका जुन्या चर्चची बातमी आली होती. दाराला कुलूप आहे, कौलं घसरलीत, आवारात बाभळी माजल्यात, आणि शेवटी कुणाचं तरी म्हणणं दिलंय की जागा मोक्याची, रस्त्याला लागून आहे, तिचा काहीतरी उपयोग व्हायला पाहिजे. बातमीत खोटं काही नाही. पण ती मंडळी (चर्चच्या सभासदांच्या समूहाला आम्ही मंडळी म्हणतो) ज्यांची होती त्यातल्या एकालाही कुणी विचारलेलं दिसलं नाही. माझं माहेर त्याच मंडळीतलं, बाप्तिस्मा तिथला, दृढीकरण (मोठं झाल्यावर श्रद्धेची जाहीर कबुली) तिथलं, लग्न पण तिथंच लागलं, आणि आईवडील गावाबाहेरच्या दफनभूमीत आहेत, म्हणून हे लिहायला बसले. मी नर्सिंगच्या नोकरीतनं रिटायर झालेली बाई आहे, लिहायची फार सवय नाही, लांबलं तर सांभाळून घ्या.

पहिलं म्हणजे आमची मंडळी कधीच मोठी नव्हती. भरात होती तेव्हा सुद्धा दहा-पंधरा घरं, त्यामुळं आज "फक्त तीन घरं राहिली" म्हणून लोक हळहळतात तेव्हा मला वाटतं की मुळात आकड्यावर चालणारी ती गोष्टच नव्हती. आमच्या भागात हे सगळं कोल्हापूरकडनं आलं, 1852 मध्ये अमेरिकन मिशनरी वाइल्डर साहेबांनी कोल्हापुरात मिशनचं काम सुरू केलं, पुढं अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशननं सांगली, मिरज, इस्लामपूर असं जाळं विणलं. डॉक्टर वानलेस 1889 ला भारतात आले आणि 1894 ला मिरजेचं हॉस्पिटल उभं राहिलं, ते तर जिल्ह्यातल्या सगळ्यांना माहीत आहे, वानलेसवाडी नावानंच आहे. साताऱ्याकडचं मिशन वेगळं, ते अमेरिकन मराठी मिशन, वाईला त्यांचा दवाखाना होता, आणि रेव्हरंड नारायण वामन टिळक 1917 मध्ये साताऱ्याला येऊन राहिले, देवाचा दरबार नावाची भक्तांची संगत त्यांनी तिथं सुरू केली. त्यांची भजनं आमच्याकडं पेटी-तबला आणि टाळावर म्हणत, कुणाला ती साताऱ्याची की सांगलीची असं काही वाटत नव्हतं.

पण खेड्यातली मंडळी काही साहेब लोकांनी चालवली नाही. ती चालवली मास्तरांनी. एकच माणूस सोमवार ते शनिवार शाळा घ्यायचा आणि रविवारी उपासना. ज्या पोरांना गावच्या शाळेत बाहेर व्हरांड्यात बसवत होते त्यांना या मास्तरांनी आत घेऊन पाटीवर अक्षरं गिरवून घेतली, आमच्या आप्पांना वाचता यायचं ते त्याच शाळेमुळं, आणि आप्पांनी आम्हा बहिणींना शिकवलं म्हणून मी मिरजेला नर्सिंगच्या ट्रेनिंगला जाऊ शकले. मास्तरांच्या जोडीला बायबल बाई असायच्या, घरोघरी फिरायच्या, बायकांना लिहायला शिकवायच्या, बाळंतिणीची चौकशी करायच्या, कुणाच्या पोराला ताप असला तर आधी ओली पट्टी आणि मग प्रार्थना. त्यांची नावं कुठल्या पाटीवर नाहीत.

बातमीत आला नाही असा एक सण सांगते. हंगामाचा सण. शाळू निघाला, हळद शिजवून झाली की एक रविवार ठरायचा आणि ज्याच्या घरात जे पिकलं ते तो वेदीपुढं आणून ठेवायचा. शाळूची कणसं, हळकुंडं, शेंगांची पाटी, गुळाची ढेप, लाल भोपळा, पाय बांधलेली कोंबडी, शेत नसलेल्या घरची म्हातारी फडक्यात गुंडाळून दोन अंडी आणायची. उपासना झाली की बाहेर चिंचेखाली लिलाव. एक अंडं पाच रुपयाला जायचं, घेणारा परत दान म्हणून टाकायचा, परत बोली, परत दुसरा घ्यायचा आणि परत टाकायचा, असं ते अंडं चार-पाच हातातनं फिरायचं आणि त्या म्हातारीच्या अंड्याचे सगळ्यात जास्त पैसे व्हायचे. बोली लावायला पाटलाच्या वाड्यातले यायचे, मुल्लांच्या घरचे यायचे, कारण चांगली हळद मिळायची आणि दुसरं म्हणजे तो सगळ्या गावाचा सण होता. त्या पैशातनं चर्चची कौलं फिरायची, पाळकांच्या, म्हणजे पाद्र्यांच्या, पगाराची भर पडायची. 1967 च्या डिसेंबरात कोयनेचा भूकंप झाला, नाताळ दोन आठवड्यांवर होता, मागच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत भेग गेली, ती भेग बुजवली ती पण लिलावाच्या पैशातनं असं आप्पा सांगायचे. अमेरिकेतनं नाही आले ते पैसे. हे मुद्दाम लिहिते कारण आजही काही लोकांना वाटतं की खेड्यातली चर्चेस परदेशी पैशावर उभी होती.

आता ती रिकामी का झाली. लोक म्हणतात पोरांची श्रद्धा राहिली नाही. मला हे मान्य नाही. आमच्या घरचीच भाचरं पुण्यात, पिंपरी-चिंचवडला आहेत, तिथं दर रविवारी चर्चला जातात, तिथं जागा पुरत नाही म्हणून दोन-दोन उपासना होतात. गावातनं माणूस गेला तो पोटासाठी गेला, जसा सगळ्या गावाचाच गेला, फक्त आमच्यात थोडा लवकर गेला कारण बऱ्याच जणांना जमीन नव्हती आणि शिक्षण होतं. मुली नर्स झाल्या, मुलं मास्तर, कंपाउंडर, ड्रायव्हर झाली, बदलीच्या गावाला स्थायिक झाली. म्हणजे ज्या शाळेनं मंडळी उभी केली त्याच शाळेनं ती गावाबाहेर पण नेली. याचं मला वाईट वाटत नाही, मास्तरांनी शिकवलं ते त्यासाठीच.

दुसरं कारण पाळकांचं. मिशनचे पगार बंद झाले, मंडळीच्या दानावर पाळक ठेवणं दहा घरांना कसं जमणार, मग एका पाळकाकडं चार-पाच गावं आली. मोटरसायकलवर फिरून माणूस किती ठिकाणी पोचणार, सकाळी आठला इथं, साडेदहाला तिकडं, दुपारी तिसरीकडं, त्यात कुणाचं लग्न, कुणाची माती. प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षरसाचा विधी) महिन्यातनं एकदा, मग दोन महिन्यातनं एकदा. मी कुठल्याही पाळकांना दोष देत नाही, त्यांची पोरं पण शिकायची असतात.

तिसरं कारण कुणी उघड बोलत नाही, मी बोलते. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणं अनुसूचित जातीचा माणूस ख्रिस्ती झाला की आरक्षणाची सवलत संपली. शिखांना 1956 ला आणि बौद्धांना 1990 ला ती मिळाली, आमच्या लोकांना नाही, 2022 ला केंद्रानं माजी सरन्यायाधीश बालकृष्णन यांचा आयोग नेमला तो याच प्रश्नावर. जात तर काही बाप्तिस्म्यानं जात नाही, गावात घर जिथं होतं तिथंच राहतं, पाणवठा ज्यांना वेगळा होता त्यांना वेगळाच राहिला. पण पोराच्या फीचा आणि नोकरीचा प्रश्न आला की घरचे काय करणार? नाव मंडळीच्या यादीत नको म्हणतात. रविवारी येतात, मागं बसतात, गाणी सगळी पाठ असतात, पण यादीत नाव नाही. मग वरच्या ऑफिसात कागद बघणाऱ्याला दिसतं की इथं मेंबर किती, तर सात. आणि सात माणसांसाठी चर्च चालवणं परवडत नाही असा निष्कर्ष निघतो.

बंद पडलं ते पण एका दिवसात नाही. आधी रविवारची शब्बाथशाळा थांबली, मग संध्याकाळची प्रार्थना, मग उपासना पंधरा दिवसांनी, मग फक्त नाताळ, झावळ्यांचा रविवार (ईस्टरच्या आधीचा) आणि ईस्टरची पहाट. शेवटी एक पत्र आलं. त्यात दोन ओळी, की सदर ठिकाणची उपासना शेजारच्या मंडळीत विलीन करण्यात येत आहे, किल्ली जमा करावी. शेजारची मंडळी म्हणजे अकरा किलोमीटर, रविवारी सकाळी एसटी नाही, आणि राहिलेत कोण तर सत्तरीच्या पुढची माणसं. पत्र कुणी काढलं त्यांचं नाव मला घ्यायचं नाही, माझं भांडण माणसाशी नाही. पण ज्या वेदीपुढं चार पिढ्यांची लग्नं लागली ती बंद करताना एक शेवटची उपासना पण घेतली नाही. पुण्या-मुंबईतल्या माणसांना कळवलं असतं तर रजा टाकून आली असती, वर्गणी काढून जेवण केलं असतं. माणूस प्रभूमध्ये झोपी गेला तर आपण वाजवून, गाणी म्हणून, सगळ्यांना बोलवून पोचवतो, आणि मंडळीला मात्र दोन ओळींचं पत्र. हे मला फार लागलं, अजून लागतंय.

आणि बंद होणं एक वेळ मान्य करू, माणसंच नाहीत तर भिंतींना धरून काय करायचं. पण बंद झाल्यावर मागं जे राहतं त्याचं काय करायचं हे कुणी ठरवत नाही, माझा खरा मुद्दा हा आहे आणि तो एकट्या आमच्या गावाचा नाही, सांगली साताऱ्यातल्या अशा कितीतरी गावांचा आहे.

रजिस्टरचं बघा. बाप्तिस्मा, लग्न, दफन या तिन्ही नोंदी जुन्या मंडळ्यांमध्ये फार व्यवस्थित ठेवलेल्या असतात. लग्नाच्या नोंदी 1872 च्या ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणं सरकारकडं पण जातात, पण बाप्तिस्म्याचं रजिस्टर त्या गावातल्या त्या एका कपाटात, दुसरीकडं कुठं नाही. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा 1969 चा, त्याच्या आधी खेड्यात घरी जन्मलेल्या पोराची नोंद गावच्या दप्तरात कधी व्हायची, कधी राहून जायची. आमच्याकडच्या कितीतरी जणांनी पेन्शनला, पासपोर्टला, वारसाच्या नोंदीला जन्माचा पुरावा म्हणून बाप्तिस्म्याचा दाखला जोडलेला आहे. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला तेव्हा चर्चमध्ये खिडकीच्या खालच्या गजापर्यंत पाणी होतं. पाणी उतरल्यावर मी आणि माझी भावजय तिथं गेलो, कपाट फुगून दार अडकलं होतं, पहारीनं उघडलं. आतलं सर्वात जुनं रजिस्टर चिखलानं जाड झालेलं. घरी आणून खाटेवर जुनी लुगडी अंथरली, पानं एकेक सुटी करून मध्ये वर्तमानपत्र घालून फॅनखाली वाळवली, हात लागला की कडा तुटायची. काळी शाई टिकली, पण निळ्या शाईत लिहिलेली वर्षं सगळी धुऊन गेली, बापाचं नाव दिसतं आणि पोराच्या नावाच्या जागी नुसता निळा डाग. आमच्या आत्याची नोंद तशी गेली. ज्यांची राहिली त्यात "आईचे नाव" या रकान्यात प्रत्येक बाईचं नाव आहे, तिचं माहेरचं गाव आहे. गावातल्या दुसऱ्या कुठल्या दप्तरात त्या काळातल्या गरीब बायकांची नावं अशी लिहिलेली मी तरी बघितली नाहीत.

ते रजिस्टर आज कुठं आहे म्हणाल तर किल्लीबरोबर जमा झालं, त्याची पोच आमच्याकडं नाही. मी विचारलं तर बघून सांगतो म्हणाले. माझी मागणी काही मोठी नाही, प्रत्येक बंद होणाऱ्या मंडळीची रजिस्टरं स्कॅन करा, एक प्रत डायोसीसच्या (बिशपांच्या हाताखालच्या विभागाच्या) ऑफिसात, एक जिल्ह्याच्या ठिकाणच्या मोठ्या चर्चमध्ये, आणि मूळ प्रत कुठं ठेवली त्याचं लेखी पत्र गावातल्या मंडळीचा कारभार बघणाऱ्या शेवटच्या पंचांच्या हातात द्या. स्कॅन आता मोबाईलवर पण होतं, आमच्या मंडळीतली पोरं एका रविवारी करतील.

दफनभूमी त्याहून अवघड आहे. आमची गावाच्या ओढ्याकडं आहे, कुंपण नाही, थोड्या कबरींना दगड आहे, बाकीच्यांना नुसती माती आणि उशाला एक रोवलेला धोंडा, कारण संगमरवर कुणाला परवडत होता. घरची माणसं बरोबर ओळखतात कुणाचा धोंडा कुठला. पण ईस्टरच्या पहाटेची उपासना आम्ही तिथं करायचो, दिवा लावून, गवत काढून, ती थांबली की गवत वाढतं, शेजारचा बांध एक हात सरकतो, पुढच्या वर्षी अजून एक हात, आणि मग कुणीतरी म्हणतं इथं काही नव्हतंच. सातबारावर बघायला गेलं तर कुठं मिशनचं जुनं नाव, कुठं गायरान, कुठं काहीच नाही. याचं कारण पण सांगते, मिशनची मंडळी 1924 ला युनायटेड चर्चमध्ये गेली, ते युनायटेड चर्च 29 नोव्हेंबर 1970 ला नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडियात सामील झालं, दर वेळी बोर्ड रंगवला पण फेरफार कुठं झाला कुठं राहिला. मिशनचे साहेब केव्हाच गेले आणि उताऱ्यावर अजून त्यांचंच नाव, असल्या जमिनीवर कुणाचाही डोळा पडणारच.

ज्यांच्या गावात अजून मंडळी आहे त्यांनी हे आताच करून घ्या, माणसं हयात आहेत तोवर. दफनभूमीची सरकारी मोजणी मागा भूमी अभिलेख ऑफिसातनं, ग्रामसभेत ठराव घ्या, सातबाऱ्याच्या इतर हक्कात ख्रिश्चन दफनभूमी अशी नोंद लागण्यासाठी तहसीलदारांकडं अर्ज टाका. आमच्या गावच्या ग्रामसभेत हा विषय निघाला तर मला खात्री आहे की विरोध होणार नाही. त्या महापुरात आमच्या म्हाताऱ्यांना बोटीत बसवून काढलं ते गावच्या पोरांनी, आणि आईच्या मातीला खड्डा खणायला तालमीतली पोरं आली होती.

राहिली जागा. जे कोण "उपयोग व्हायला पाहिजे" म्हणतायत त्यांना एवढंच सांगणं आहे की चर्चची मिळकत सार्वजनिक न्यासाची असते, आपल्या राज्यात 1950 चा विश्वस्त व्यवस्था कायदा आहे, त्याच्या कलम 36 प्रमाणं धर्मादाय आयुक्तांची आधी मंजुरी घेतल्याशिवाय ती विकता येत नाही, तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीनं इमारत भाड्यानं पण देता येत नाही. धर्मादाय कार्यालयात ट्रस्टच्या नोंदीचा उतारा मिळतो, कुणालाही मागता येतो, मंडळीतल्या प्रत्येकानं तो काढून घरात ठेवावा. विक्रीचा अर्ज आला तर हरकत घेता येते, पण हरकत घ्यायला अर्ज आल्याचं कळलं पाहिजे ना, आणि गावात कुणी उरलंच नसलं तर कळणार कसं. म्हणून पुण्या-मुंबईतल्या आपल्या मुलांना माझं सांगणं आहे, नाताळचे स्टार आणि केकचे फोटो व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकता ते टाकाच, पण त्याच ग्रुपवर गावच्या चर्चचा सातबारा आणि ट्रस्टचा उतारा पण असू द्या.

आणि विकायचंच कशाला? दगडी भिंती आहेत, जागा कोरडी करता येते. स्पर्धा परीक्षेची पोरं गावात झाडाखाली बसून अभ्यास करतात, त्यांना अभ्यासिका काढून द्या. बालवाडी भरवा. ज्या इमारतीत गावातल्या शेवटच्या माणसाच्या पोराला पहिल्यांदा पाटी मिळाली तिथं परत शाळा भरली तर त्यात मंडळीचा काही अपमान नाही, आप्पा असते तर खूश झाले असते. फक्त वेदीचा कोपरा तसाच ठेवा आणि नाताळला आणि ईस्टरला किल्ली आमच्या हातात द्या. डायोसीसची मालकी जाते कुठं, मालकी त्यांचीच राहील.

आमच्या राहिलेल्या तीन घरांनी आणि बाहेरच्या काही जणांनी सही करून असं निवेदन तयार केलंय, ते या महिन्यात बिशप साहेबांना आणि ग्रामपंचायतीला देणार आहोत. त्यात तीनच गोष्टी मागितल्यात, एक शेवटची उपासना सगळ्यांना बोलावून, रजिस्टरची लेखी पोच, आणि दफनभूमीच्या मोजणीला संमतीचं पत्र. तुमच्या वार्ताहरांनी पुढच्या वेळी त्या गावात गेल्यावर निदान ओढ्याकडं पण जाऊन यावं आणि तिथला बांध आज कुठं आहे त्याचा फोटो तारखेसकट छापावा अशी विनंती आहे. त्याचा आम्हाला तहसीलदारांपुढं उपयोग होईल.

आपली,
एक वाचक, मिरज
(नाव कळवले आहे, छापू नये ही विनंती)